स्विच बसवा, पण शांततेसाठी



झाशीच्या मे महिन्यात सकाळी नऊनंतर मोटारीच्या पत्र्याला हात लावायची सोय नसते. म्हणून एका रविवारी पहाटे साडेपाचलाच आमच्या युनिटमधले एक तरुण कॅप्टन गाडी घेऊन माझ्या क्वार्टरपुढे हजर झाले. हातात एक टॉगल स्विच आणि दोन मीटर वायर.

"साहेब, छोटंसं वायरिंगचं काम आहे," ते म्हणाले. फौजेत अधिकारी सुभेदाराला साहेब म्हणतो आणि सुभेदार अधिकाऱ्याला सर. ते लुधियानाचे, मी वाईचा. आमचं बोलणं हिंदीत झालं, इथे मराठीत देतो.

गाडी सेकंडहँड जर्मन स्पोर्ट्स कार. तिच्या सायलेन्सरमध्ये झडपा आहेत. गाडी हळू चालली की झडपा बंद राहतात आणि धूर लांबच्या, आवाज शोषणाऱ्या वाटेने बाहेर पडतो. अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला की त्या उघडतात, धुराला मोकळी वाट मिळते आणि गाडी गर्जते. कधी उघडायचं, कधी मिटायचं हे गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो. साहेबांना तो अधिकार स्वतःच्या हातात हवा होता. सिग्नलला उभं असतानाही गर्जना हवी. तेवढ्यासाठी स्विच.

मी ईएमईचा माणूस. टी-72 रणगाड्याचं 12 सिलिंडरचं, 780 अश्वशक्तीचं इंजिन वर्षानुवर्षं हाताखालून गेलंय. मोठ्या इंजिनाच्या आवाजाची मजा मला कुणी शिकवायला नको. त्या मजेची किंमतही मी भरली आहे. डाव्या कानात दिवसरात्र रातकिडा वाजतो. 'शेप'मधला 'एच' म्हणजे ऐकणं, हे माजी सैनिकांना सांगायला नको. माझा तो एच आता एकवर नाही.

साहेबांनी हौसेने इंजिन पुन्हा सुरू करून दाखवलं. एक मोठी डरकाळी, मग फटफट दोन बार. शेजारच्या क्वार्टरचं दार उघडलं. तिथे एका नाईकाची बायको राहते, नवरा सध्या फील्डमध्ये, पुढच्या चौकीवर. ती दाराची चौकट धरून उभी राहिली. आधी गाडीकडे पाहिलं, मग साहेबांकडे, मग माझ्याकडे. मी हसून हात हलवला. तेव्हा तिने दार लावून घेतलं.

साहेबांना काही कळलं नाही. मला कळलं होतं, कारण माझ्या बायकोला ती एकदा म्हणाली होती, "काकू, अवेळी दारात गाडी थांबली ना, की पोटात गोळा येतो." ज्यांचा माणूस सीमेवर आहे त्यांच्या दारात अवेळी गाडी आणि गाडीजवळ अधिकारी, याचा अर्थ एकच असू शकतो. मी साहेबांना तेवढंच सांगितलं. त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग स्विच नको?"

इथेच माझं मत सांगायचं आहे. मी म्हणालो, "स्विच पाहिजे, सर. पण उलटा."

गाडी जॅकने उचलून खाली स्टँड लावले आणि मल्टीमीटर घेऊन बसलो. या गाडीत झडप व्हॅक्यूमवर चालते. सोलेनॉइडला करंट मिळाला की व्हॅक्यूम झडपेपर्यंत पोचतं आणि ती मिटते. करंट गेला की स्प्रिंग तिला उघडते. म्हणजे वायर तुटली, फ्यूज उडाला, तर गाडी मोठ्याने बोलेल, पण इंजिनाचा श्वास कोंडणार नाही. बनवणाऱ्याचा विचार बरोबर आहे. पण म्हणूनच हौशी मंडळींना सोपा रस्ता सापडतो. फ्यूज काढा, नाहीतर मध्ये एक स्विच घालून वायर तोडा, झाला आवाज. शिवाय थंड इंजिन सुरू करताना ही गाडी झडपा स्वतःच उघड्या ठेवते. म्हणजे पहाटे, कॉलनी झोपलेली असताना, ती सर्वांत मोठ्याने ओरडते. नियंत्रणाची खरी गरज कुठे असेल तर तिथे आहे.

साहेबांनी आणलेला स्विच तीन टप्प्यांचा होता. मधला टप्पा म्हणजे करंट बंद, झडप उघडी. तो बाजूला ठेवला आणि माझ्या डब्यातला दोन टप्प्यांचा काढला. सोलेनॉइडला बारा व्होल्ट कायम येतात, कॉम्प्युटर फक्त अर्थची बाजू जोडतो-तोडतो. म्हणून मी फक्त अर्थच्या वायरीत हात घातला. सोलेनॉइडची वायर स्विचच्या मधल्या पिनला, एका बाजूला कॉम्प्युटरची वायर, दुसऱ्या बाजूला बॉडीचा अर्थ. एका टप्प्यावर गाडी कंपनीने ठरवल्याप्रमाणे चालते, दुसऱ्यावर झडपा मिटून राहतात. नुसती वायर तोडली तर कॉम्प्युटरला सोलेनॉइड दिसत नाही आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. म्हणून दुसऱ्या टप्प्यावर त्याच्यासाठी एक रेझिस्टर ठेवला. सोलेनॉइड 30 ओहमचा निघाला. इंजिन चालू असताना 14 व्होल्ट धरले तर साडेसहा वॅट उष्णता होते, म्हणून रेझिस्टर 10 वॅटचा आणि प्लास्टिकपासून लांब. सांधे सोल्डर करून स्लीव्ह घातली. शेवटी एक छोटा लाल दिवा, झडपा मिटवलेल्या असताना पेटणारा. कारण मिटलेल्या झडपेने गाडी पळवली तर धूर तुंबतो, ताकद जाते, उष्णता वाढते. कॉलनीचं गेट ओलांडलं की स्विच परत पहिल्या टप्प्यावर. तसं साहेबांना दोनदा बजावलं.

कुणी म्हणेल, स्वतःची गाडी, स्वतःचा पैसा, यांना काय त्रास? कायदा सांगतो तो आधी ऐका. सन 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे दहा ते सहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 मध्ये आवाजाचे निकष मोडल्यास दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पण दंडाच्या भीतीने गप्प बसणारा माणूस पोलीस दिसेनासा झाला की पुन्हा सुरू होतो. त्यामुळे मला कायद्यापेक्षा आपली शिस्त जवळची वाटते.

रात्रीच्या गस्तीला निघण्याआधी आपण काय करायचो, आठवा. खिशातली नाणी काढायची, बंदुकीच्या पट्ट्याच्या कड्यांना टेप लावायची, मग जागेवर उड्या मारून दाखवायच्या. काही खुळखुळलं तर पुन्हा बांधा. आपल्या आवाजाची किंमत शेजारचा माणूस भरतो, हे त्या उड्यांनी शिकवलं. ती शिस्त गणवेशाबरोबर खुंटीला टांगायची का? माझ्या मते नाही. ज्याच्या हातात ताकद आहे त्याने ती कुठे मिटवायची हेही हातात ठेवावं. मोकळ्या हायवेवर कॉम्प्युटर उघडेल तेव्हा गाडी गर्जू दे, मीही काच खाली करून ऐकेन, उजव्या कानाने.

पुढच्या रविवारी दारावर टकटक झाली. बाहेर साहेब, मागे गाडी, दिवा लाल. माझा कान अधू, म्हणून बायकोला विचारलं, "गाडी आलेली ऐकलीस का गं?" ती म्हणाली, "कुठली गाडी?"

शेजारचं दार बंदच होतं. आम्ही चहा घेतला.

जय हिंद.