चिखलात पडायची सोय

‘मेलो हसून’ असं टाइप करताना आपला चेहरा कसा असतो, ते एकदा आरशात बघा. ओठसुद्धा हललेले नसतात. ऑक्सफर्ड डिक्शनरीजनं २०१५ साली वर्षाचा शब्द म्हणून चक्क हसून डोळ्यांत पाणी आलेला तो पिवळा चेहरा निवडला होता. हसायचं काम आपण त्याच्यावरच सोपवून टाकलंय.

मोठी माणसं म्हणतात, मोबाइलनं वाट लावली. हे अर्धंच खरं. विनोद भरपूर आहेत, रोज रात्री अंगठा दुखेपर्यंत बघतोच की. कमी पडतात ती शेजारची माणसं. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी शास्त्रज्ञानं हसण्याचे १२०० प्रसंग नोंदवले. त्यात विनोदावर आलेलं हसू वीस टक्क्यांच्या आतच निघालं. बाकी सगळं ‘चल, भेटू मग’ छापाच्या साध्या बोलण्यावर. आणि एकट्यापेक्षा चारचौघांत माणूस तीसपट जास्त हसतो म्हणे.

हे कळायला आमच्या घोटीकडं अमेरिकेची गरज नाही. पाऊस लागला की भाताची आवणी. (घोटी फक्त टोलनाक्यावरून पाहिलेल्यांनी गाडी जरा आत वळवावी.) गुडघाभर चिखल, मोडलेली कंबर, पाठीवर प्लास्टिकचा कागद, ओळीत दहा-बारा जण. कुणाचा तरी पाय सटकतो, रोपांच्या जुडीसकट धपकन बसतो. अख्ख्या ओळीची मुरकुंडी वळते. पडलेला सगळ्यांत जोरात हसतो. घरात सासऱ्यासमोर दात न दिसू देणारी मावशी इथं ठसका लागेपर्यंत हसते. ते हसू तिथंच चिखलात जिरायचं.

मागच्या आवणीला मी पडलो. हसू यायच्या आधी नजर बांधावर गेली, मोबाइल कुणाच्या हातात आहे ते बघायला. होताच एकाच्या. संध्याकाळी मी ग्रुपवर, दुसऱ्या दिवशी गाणं लावून रीलवर. चारशे पिवळे चेहरे आले. एकाचाही आवाज मला ऐकू आला नाही.

माझं भांडण इथं आहे. खळखळून हसताना माणूस बावळट दिसतो, तोंड वाकडं होतं, नाकातून आवाज येतो. आपल्या माणसांत ते चालतं, कारण उद्या त्यांची पाळी असते. रील बघणाऱ्या अनोळखी माणसाची पाळी कधीच येत नाही. म्हणून आपण सावरून हसतो. ‘पोरीच्या जातीनं एवढ्या मोठ्यानं हसू नये’ हे पिढ्यान्‌पिढ्या बायकांना ऐकवलं गेलं. कॅमेऱ्यानं आता तोच नियम सगळ्यांना लावलाय, आणि आपण तो मुकाट पाळतोय.

हास्य क्लबचं नाव काढू नका. डॉ. मदन कटारियांनी १९९५ साली मुंबईच्या एका बागेत पाच जणांना घेऊन पहिला सुरू केला. थोड्याच दिवसांत विनोद संपले, तेव्हा विनोदाशिवायच हसायचं ठरलं. होत असेल कुणाला फायदा. पण सकाळी हात वर करून हा हा करणाऱ्यांत चिखलात पडलेलं कुणी नसतं.

या पावसात आमच्या वावरात या. मोबाइल भाकरीच्या रिकाम्या डब्यात टाकायचे, झाकण लावून. पहिला मी पडतो.