मालाबरोबर चढलेली माणसं

बोटीत चढायच्या दिवशी ती बोट कुणासाठी चालते हे कळतं. एकदा ती सुटली की जेवण छान, डोंगर छान, शेजारच्या खुर्चीतली म्हातारी छान, असं सगळंच छान वाटायला लागतं आणि नीट काही ठरवता येत नाही. म्हणून मी नॉर्वेतल्या बर्गेनच्या धक्क्यावर दुपारीच जाऊन बसते. बोट रात्री साडेआठला सुटते. मुलगा म्हणतो, "आई, इतक्या लवकर जाऊन करणार काय? तिथे बसायला बाकडं आणि कॉफीचं मशीन, बाकी काही नाही." त्याचं बरोबर आहे. पण टपाल खात्यात जन्म गेलेल्या बाईला माल उतरताना आणि चढताना बघायला मिळालं की तिला कॉफीचीही गरज लागत नाही.

मुलगा स्टॅव्हँगरला तेलाच्या धंद्यात इंजिनिअर आहे. तिथून बर्गेनला जाणारी बस वाटेत दोनदा फेरीबोटीत चढते, आपण बसमध्ये बसलेलोच. पाचेक तासांनी बर्गेन. तिथे 'वेस्टेरोलेन' दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला उत्तरेकडून येते, रिकामी होते, धुतली-पुसली जाते आणि त्याच रात्री परत उत्तरेकडे निघते. १९८३ साली हार्स्टाडच्या गोदीत बांधलेली, जेमतेम एकशे आठ मीटर लांब. या किनाऱ्यावर फिरणाऱ्या अकरा बोटींत हीच सगळ्यांत लहान. स्विमिंग पूल नाही, थिएटर नाही, जुगाराची टेबलं नाहीत. स्वस्त केबिनीत दिवसा सोफा असतो तोच रात्री बिछाना होतो, आणि दोघंजण एकाच वेळी स्वेटर घालू शकत नाहीत. मी मुद्दाम हीच बोट असलेली तारीख शोधून तिकीट काढायला लावते. मुलाला वाटतं, आईचं डोकं फिरलंय, नव्या मोठ्या बोटी सोडून परत तीच.

बोटीच्या कुशीला एक मोठं दार आहे. ते उघडलं की धक्का आणि आतलं कोठार यांच्यामध्ये फोर्कलिफ्टची ये-जा सुरू होते. प्लास्टिकात गुंडाळलेले पॅलेट, टायर, सोफ्याचे भाग, खोकीच खोकी. मी लांबून लेबलं वाचायचा प्रयत्न करते, ती खोड जात नाही. हे गाठोडं हॅमरफेस्टचं, ते वार्डोचं. मालाची ही दगदग चालू असताना जरा पलीकडून आम्ही माणसं चढत असतो, आणि आमच्याकडे बघायला कुणाला फारशी फुरसत नसते. मला हे फार आवडतं. आपण गेलो नाही तरी ही बोट जाणार आहे, वार्डोच्या माणसाचे टायर पोचवायला. आपण तिच्यासाठी आणखी एक डाग.

याच्या उलट अनुभव एका बड्या कंपनीच्या क्रूझचा, भिशीतल्या मैत्रिणींबरोबर भूमध्य समुद्रात केलेला. चढायच्या दिवशी छातीला स्टिकर, हातात गट क्रमांक, विमानतळासारखा हॉल आणि नागमोडी रांग. रांगेच्या टोकाला खोटं सुकाणू, त्याला हात लावून फोटो काढायचाच. तोच फोटो दुसऱ्या दिवशी विकायला मांडलेला. केबिन दिसायच्या आधी दारूचं पॅकेज विकणारी मुलगी दिसली. बिचारी गोड होती, आम्ही सगळ्या माळकरी आहोत असं सांगून सुटलो. केबिनला खिडकी होती, पण ती बोटीतल्याच बाजारपेठेवर उघडत होती. समुद्र बघायला लिफ्टने वर जायचं. त्या बोटीला कुठेही पोचायचं नव्हतं. आम्हाला फिरवून आणून त्याच जागी सोडणं एवढंच तिचं काम, त्यामुळे सगळा वेळ आमच्यावरच डोळा. आता तर याहून मोठ्या निघाल्यात. २०२४ मध्ये आलेली 'आयकॉन ऑफ द सीज' वीस मजली आहे आणि खच्चून भरली तर साडेसात हजारांहून जास्त प्रवासी घेते. आवडतं त्यांनी जरूर जावं. पण त्याला बोटीचा प्रवास म्हणतात तेव्हा मी गप्प बसते, आणि मी गप्प बसले की मैत्रिणींना कळतं.

वेस्टेरोलेन ज्या सेवेत आहे ती हुर्टिग्रूटेन, म्हणजे नॉर्वेच्या किनाऱ्याची एसटीच. बर्गेन ते रशियाच्या हद्दीजवळचं किर्केनेस आणि परत, बारा दिवस, चौतीस बंदरं. सुरू झाली २ जुलै १८९३ ला, टपालासाठी. त्याआधी ट्रोंडहाइमहून हॅमरफेस्टला पत्र जायला उन्हाळ्यात तीन आठवडे लागत, हिवाळ्यात पाच महिनेही. सरकारला बारमाही बोट हवी होती, पण मोठ्या कंपन्यांनी हात वर केले: ध्रुवीय अंधार, खडक, अपुरे नकाशे आणि मोजके दीपस्तंभ. रिचर्ड विथ नावाचा एका छोट्या गावातल्या छोट्या कंपनीचा कप्तान तेवढा तयार झाला. त्याने आणि त्याचा वाटाड्या अँडर्स होल्टे याने होकायंत्राची दिशा, वेग आणि लागलेला वेळ यांच्या नोंदी वर्षानुवर्षं वह्यांत केल्या होत्या. दिसत नसलं तरी घड्याळ आणि होकायंत्र बघून बोट नेता येते, हा त्यांचा हिशोब. सरकारने आठवड्याला एका फेरीसाठी चार वर्षांचा करार केला, पैसे दिले, आणि 'वेस्टेरोलेन' नावाची आगबोट निघाली. माझी बोट तिचंच नाव लावते. विथच्या गावात, स्टोकमार्कनेसला, आता या सेवेचं संग्रहालय आहे. १९५६ सालची एक अख्खी बोट जमिनीवर आणून काचेच्या इमारतीत ठेवली आहे.

आम्ही सॉर्टिंगमध्ये बसून एका पिनकोडासाठी भांडायचो, तेव्हा हे माहीत असतं तर बरं झालं असतं.

बर्गेनला बोटीत पाऊल टाकण्याआधी एक सक्तीचा कार्यक्रम असतो: सुरक्षेची माहिती. जॅकेट कसं घालायचं, थंड पाण्यात पडलात तर काय होतं, भोंगा वाजला तर कुठे जमायचं. बरेच लोक मोबाइल बघत उभे असतात. मी बघत नाही. कोकणातल्या माझ्या पिढीच्या माणसाला 'रामदास' बोट आईच्या तोंडून ठाऊक आहे. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. तेव्हा कामाची बोट म्हटलं की मी गहिवरून जाते असं कुणी समजू नये. गरिबांच्या बोटीत माणसं कशी कोंबतात हे आम्ही भोगलं आहे. म्हणूनच ते नारिंगी जॅकेट दाखवणाऱ्या पोराकडे मी वर्गात पहिल्या बाकावर बसल्यासारखी बघते.

परत त्याच बोटीवर जाण्यात काय आहे, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. आपल्याकडे प्रवास म्हणजे यादी: अकरा दिवसांत सात देश, झालेल्या देशांवर काट. परत गेलेली माणसं त्या यादीत बसत नाहीत. परत गेल्यावर पहिल्यांदा काय होतं तर गोंधळ संपतो. कुठल्या जिन्याचं दार जड आहे ते हाताला माहीत असतं. वरच्या मजल्यावर पुढच्या काचेशी कुठली खुर्ची घ्यायची हे ठरलेलं असतं, कारण तिच्या डाव्या बाजूला खांब नाही. पहिल्या रात्री स्टाडच्या भूशिराजवळ बोट उघड्या समुद्रात येते आणि लहान असल्यामुळे चांगली हलते, तेव्हा आलेपाक उशाशी ठेवून झोपायचं हेही माहीत असतं. मग डोळे बाकीच्या गोष्टींकडे वळतात. कर्मचारी साधारण तीन आठवडे कामावर, तेवढेच घरी, त्यामुळे ओळखीचं कुणी भेटेलच असं नाही, आणि भेटलं तर मिठी वगैरे मारत नाहीत. नॉर्वेजियन माणूस मान हलवतो, तेवढ्यात भागतं. एका सफरीत जेवणघरातल्या बाईने मला न विचारता माशाच्या सूपबरोबर तिखटाची बाटली आणून ठेवली. आधीच्या वेळचं लक्षात ठेवलं होतं की माझ्या चेहऱ्यावरून ताडलं, मी विचारलं नाही.

आणि मग लोक. केबिन न घेता दोन-तीन तासांपुरते चढणारे. स्टाम्सुंडहून स्वोलव्हेरला निघालेली वह्या तपासणारी मास्तरीण, गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी परतणारे आजोबा, किटबॅगा घेतलेली शाळेची फुटबॉल टीम. ते चढले की आम्ही कॅमेरेवाले जरा सरकून बसतो. पहाटे तीनला कुठल्याशा बंदरात बोट पंधरा मिनिटं लागते. धक्क्यावर एक फोर्कलिफ्ट, एक माणूस, एक कुत्रा. मी केबिनच्या खिडकीतून बघते. हे कुणी माझ्यासाठी मांडलेलं नसतं. २०११ मध्ये तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीने या सेवेतल्या 'नॉर्डनॉर्गे' बोटीचा बर्गेन ते किर्केनेस प्रवास सलग १३४ तास थेट दाखवला, आणि निम्म्याहून अधिक देशाने कधी ना कधी तो लावून पाहिला. गावोगावचे लोक धक्क्यावर झेंडे घेऊन आले. परक्यांना दाखवायला नव्हे, आपली बोट टीव्हीवर आली म्हणून.

मालवणच्या माणसाला यात नवल वाटू नये. आमच्या लहानपणी मुंबईची बोट हेच जगाशी असलेलं नातं होतं. भाऊच्या धक्क्यावर सकाळी जाऊन डेकवर सतरंजी पसरून जागा अडवायची, ट्रंक उशाला. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड असं करत बोट खाली यायची. बहुतेक ठिकाणी ती लांब उभी राहायची आणि पडाव येऊन भिडायचे. हलणाऱ्या बोटीतून हलणाऱ्या पडावात उडी. खलाशी बायकांना दंडाला धरून ओढत, पोरांना सरळ फेकून झेलत. वर भाजीच्या करंड्या, कोंबड्या, कुणाचा तरी हार्मोनियम. पावसाळ्यात चार महिने बंद. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली, बोट त्याच्या आधीच संपलेली होती. रस्ता झाला, बोट गेली, कुणी विचारलंही नाही की दोन्ही का नकोत.

आता ३० सप्टेंबर २०२४ पासून आपल्याकडे क्रूझ भारत मिशन आहे. २०२९ पर्यंत क्रूझचे प्रवासी दुप्पट करायचे, टर्मिनल बांधायची. मुंबईत बॅलार्ड पिअरला चकचकीत टर्मिनल उभंही राहिलं. माझा त्याला विरोध नाही, पण हे उलट्या टोकाने चाललंय असं मला वाटतं. नॉर्वेने आधी टपालाची बोट चालवली. तिच्यावर पर्यटक आपणहून चढले, आणि आजही या मार्गाचं वेळापत्रक सांभाळायला तिथलं सरकार करार करून पैसे देतं. २०२१ पासून तर दोन कंपन्यांत बोटी वाटून दिल्या आहेत, सात एकीला, चार दुसरीला, पण चौतीस बंदरं तीच. पर्यटकांच्या पैशावर बोटीचं जेवण सुधारलं असेल, पण रात्री तीनच्या बंदरात ती थांबते ती करारामुळे.

यावर लगेच उत्तर येतं की तो तेलाचा श्रीमंत देश. १८९३ मध्ये तेल नव्हतं. तेव्हा नॉर्वेतून माणसं भाकरीसाठी जहाजं भरभरून अमेरिकेला जात होती. दुसरं उत्तर जास्त खरं आहे: त्यांचा किनारा बेटांच्या आडोशाचा आणि खोल, आपल्या खाड्यांच्या तोंडाशी वाळू साचते आणि पावसाळा तर कुणाच्या हातात नाही. मान्य. मग आठ महिने चालवा. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली; गाड्या, दुचाकी, माणसं सगळी तिच्यातून जातात आणि सुट्टीच्या दिवशी तिकीट मिळत नाही. तिच्यात बसलेल्यांपैकी कुणालाही आपण क्रूझला आलोत असं वाटत नसेल, तरी डेकवर उभं राहून जो तो समुद्रच बघत असतो.

पैशाचं म्हणाल तर बायकांच्या अर्ध्या एसटी तिकिटाची भरपाई सरकार २०२३ पासून करतंच आहे. तसंच बोटीचं करा. रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला, आठवड्याला एक फेरी, चार वर्षांचा करार. टेंडरमध्ये आंब्याच्या पेट्यांना कोठारात जागा लिहा, मासळीवाल्या बाईच्या पाटीला भाडं नाही असं लिहा, माणसामागे एक जॅकेट लिहा आणि ते चढताना दाखवायला एक पोरगा. बारच्या लायसन्सचं नंतर बघू.