क्षमा आणि स्मरण

पर्युषण पर्व संपले की आप्तेष्टांना क्षमापनेची पत्रे पाठविण्याची प्रथा जैन समाजात जुनी आहे. वर्षभरात कळत-नकळत दुखावलेली मने त्या चार ओळींनी निवतात. परंतु ज्याचे सर्वस्व हिरावले गेले, त्याने काय करावे? वैर सोडायचे म्हणजे घडलेलेही विसरायचे काय? ऑटो फ्रँक यांचे उत्तरायुष्य हेच या प्रश्नाचे उत्तर होय.

हिटलरच्या राजवटीने सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली. त्या काळात ॲमस्टरडॅममधील एका इमारतीच्या मागील भागात आठ ज्यू दोन वर्षे लपून राहिले होते. ४ ऑगस्ट १९४४ रोजी ते पकडले गेले. त्यांपैकी एकटे ऑटो फ्रँक छळछावणीतून जिवंत परतले. पत्नी आणि मार्गो व ॲन या दोन्ही कन्या मृत्यू पावल्या. मीप खीस या सहकारी महिलेने जपून ठेवलेली ॲनची रोजनिशी तेवढी त्यांच्या हाती आली. १९४७ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली.

पुढे ती अनेक भाषांत गेली आणि जगभरातून पत्रे येऊ लागली. लिहिणारी बहुतेक मुले ॲनच्याच वयाची होती. ऑटो फ्रँक स्वित्झर्लंडमध्ये राहू लागले होते. १९५३ मध्ये त्यांनी फ्रिट्झी यांच्याशी विवाह केला. त्याही छळछावणीतून वाचलेल्या होत्या. त्यांनी पती आणि पुत्र गमावला होता. हे दांपत्य नित्यनेमाने पत्रोत्तरे लिहीत बसे. हजारो पत्रांना उत्तरे गेली. अपरिचित मुलांच्या शंका, दुःखे, घरातील कलह यांनाही ते उत्तर देत. मनुष्यामनुष्यांत सलोखा व्हावा यासाठी झटा, असे ते तरुणांना कळवीत. द्वेषाला त्या पत्रांत थारा नव्हता.

तथापि अद्वेष म्हणजे असत्याला संमती नव्हे. जर्मनीतील एका शिक्षकाने रोजनिशी बनावट असल्याचे लिहिले, तेव्हा ऑटो फ्रँक न्यायालयात गेले. अहिंसा आणि सत्य ही व्रते एकमेकांपासून वेगळी पाळता येत नाहीत, हे जैन वाचकाला निराळे सांगावयास नको.

फ्रिट्झी यांची कन्या इव्हा श्लॉस ही ॲनची समवयस्क, शेजारची मुलगी. पंधराव्या वाढदिवशी तिला अटक झाली. आईबरोबर ती ऑशविट्झहून परतली. वडील व भाऊ परतले नाहीत. तिच्या मनात कटुता साचली होती. द्वेष करणारा स्वतःच दुःखी होतो, ही ऑटो फ्रँक यांची शिकवण तिच्या मनात हळूहळू मुरत गेली. तरीही जवळजवळ चाळीस वर्षे इव्हाबाईंनी छावणीविषयी जाहीरपणे मौन पाळले. १९८६ मध्ये लंडनमधील ॲन फ्रँक प्रदर्शनाच्या प्रसंगी त्यांना अचानक बोलण्यास सांगण्यात आले आणि ते मौन सुटले. त्यानंतर शाळांतून, तुरुंगांतून त्या आपली हकिकत सांगत राहिल्या.

२०१९ मध्ये कॅलिफोर्नियातील काही विद्यार्थ्यांनी एका मेजवानीत पेल्यांची मांडणी करून नाझी स्वस्तिक रचले आणि नाझी पद्धतीची सलामी देत छायाचित्र काढले. इव्हाबाई तेव्हा नव्वदीच्या उंबरठ्यावर होत्या. त्या मुलांना भेटून त्यांनी आपली कहाणी ऐकविली.

जिनमंदिरात अक्षतांनी रेखिलेले स्वस्तिक चार गतींचे, तर त्यावरील तीन बिंदू रत्नत्रयाचे स्मरण देतात. युरोपातील ज्यूंच्या मनात मात्र तशाच आकृतीने मृत्यूचे भय कोरले. चिन्हाचा अर्थ माणसाच्या आचरणाने ठरतो. म्हणूनच ते आचरण विसरून चालत नाही.

१९८० मध्ये ऑटो फ्रँक निवर्तले. सूड त्यांनी कोणावरही उगविला नाही आणि विसरू मात्र कोणालाही दिले नाही. आलेले पत्र उघडावे, लिहिणाऱ्याचे नाव वाचावे आणि उत्तर लिहावे, एवढेच त्यांचे व्रत होते.