सामाईक कोठाराचे ऋण

२०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस व जॉन जम्पर यांना विभागून देण्यात आले, तेव्हा प्रथिनांच्या घडीचे जुने कोडे संगणकाने सोडविल्याचा गवगवा जगभर झाला. त्यात तथ्य होते. पण ते अर्धेच.

प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या ॲमिनो आम्लांची एकापुढे एक ओवलेली माळ. ही माळ पेशीत सरळ राहत नाही. ती वळते, दुमडते आणि बहुधा एक ठरावीक आकार धारण करते. प्रथिनाचे कार्य या आकारावर अवलंबून असते. औषधाचा रेणू ज्या खाचेत बसतो, ती खाचही या घडीतूनच तयार होते. घडी मोडलेले प्रथिन योग्य परिस्थितीत आपला मूळ आकार पुन्हा धारण करते, हे ख्रिश्चन आनफिन्सेन यांनी प्रयोगाने दाखविले. त्यांना १९७२ चे नोबेल मिळाले. याचा अर्थ, मण्यांचा क्रम कळला की आकार सांगता यायला हवा. अडचण एवढीच, की माळ दुमडण्याच्या शक्यता अगणित आहेत. त्यांतील कोणती वळणे मुळीच संभवत नाहीत, याचा नकाशा १९६३ साली मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आखला. प्रथिनाची नवी रचना आजही त्या नकाशावर पारखून घेतली जाते.

प्रत्यक्ष आकार शोधण्याचे काम मात्र प्रयोगशाळेतच व्हावे लागे. प्रथिनाचे स्फटिक बनवायचे, त्यांवर क्ष-किरण सोडायचे आणि उमटलेल्या ठिपक्यांवरून अणूंच्या जागा ठरवायच्या. हिमोग्लोबिनसाठी मॅक्स पेरुत्झ यांना दोन दशकांहून अधिक काळ खर्ची घालावा लागला. अशा कष्टार्जित रचना सर्वांसाठी एकत्र ठेवण्याचे कोठार १९७१ मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत उघडले, तेव्हा त्यात अवघ्या सात रचना होत्या. आज त्यांची संख्या दोन लाखांवर आहे. त्या कोणालाही विनामूल्य पाहता येतात. शिवाय १९९४ पासून दर दोन वर्षांनी भाकितांची खुली कसोटी होते. अप्रकाशित रचनांचे भाकीत आधी मागवायचे व मग ते प्रयोगाशी ताडून पाहायचे, अशी तिची रीत.

'अल्फाफोल्ड'ने २०२० मध्ये याच कसोटीत बाजी मारली, आणि तो शिकला याच कोठारावर. अनेक देशांतील करदात्यांच्या पैशातून व संशोधकांच्या श्रमांतून जे साठले, त्यावर ही इमारत उभी आहे. गूगल डीपमाइंडने २०२१ मध्ये त्याची आज्ञावली खुली केली. पुढील वर्षापर्यंत वीस कोटींहून अधिक भाकिते जगाला विनामूल्य उपलब्ध झाली. हे औदार्य मान्य केलेच पाहिजे. परंतु मे २०२४ मध्ये पुढील आवृत्तीचा शोधनिबंध आज्ञावलीविनाच प्रसिद्ध झाला. शास्त्रज्ञांनी निषेध नोंदविल्यावर नोव्हेंबरात ती मिळाली, तीही केवळ अव्यापारी उपयोगापुरती. गुंतवणूक करणाऱ्याने नफा पाहावा, यात गैर नाही; पण जो निष्कर्ष इतरांना पडताळता येत नाही, त्याला विज्ञान म्हणता येत नाही.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. भाकिते फुकट मिळतात, मग प्रयोगांवर खर्च कशाला, असा प्रश्न तिजोरी सांभाळणाऱ्यांना सुचू शकेल. त्याचे उत्तर विदर्भाला परिचित असलेल्या सिकलसेल आजारात आहे. त्यात हिमोग्लोबिनच्या एका साखळीतील एकच मणी बदलतो. सुट्या रेणूचा आकार जवळजवळ तसाच राहतो. परंतु प्राणवायू सोडताच हे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे तंतू बनतात, आणि तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते. सुट्या रेणूचे चित्र कितीही अचूक असले तरी ते ही व्यथा सांगत नाही. प्रथिने हलतात, इतरांना भेटतात, काही तर ठरावीक आकारच घेत नाहीत. भाकीत म्हणजे संशोधनाचा आरंभ. निर्णय प्रयोगानेच व्हायचा.

आज तालुक्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थीही साध्या संगणकावर प्रथिनाची घडी फिरवून पाहू शकतो. हे शक्य झाले ते पन्नास वर्षांपूर्वी काहींनी आपले धन कुलपात ठेवले नाही म्हणून. ज्यांनी त्या कोठारातून घेतले, त्यांनी त्यात भर घालणे हे उपकार नव्हेत. ती ऋणाची फेड आहे.