पूर्णेचे खोरे एक, हिशेब मात्र जिल्हानिहाय

परभणी : अजिंठ्याच्या डोंगररांगांत उगम पावणारी पूर्णा नदी बुलडाणा जिल्ह्यात खडकपूर्णा या नावाने ओळखली जाते. पुढे जिंतूर तालुक्यातील येलदरी आणि त्याखालील सिद्धेश्वर ही धरणे ओलांडून ती पूर्णा तालुक्यात गोदावरीला मिळते. तापीला मिळणारी विदर्भातील पूर्णा वेगळी. परभणी, हिंगोली व नांदेड जिल्ह्यांतील सिंचन आणि परभणी शहराचा पाणीपुरवठा याच प्रवाहावर अवलंबून आहे. मात्र वरच्या भागात खडकपूर्णा धरण झाल्याने अल्प पावसाच्या वर्षी तेथे पाणी अडते आणि येलदरीतील येवा घटतो. खोऱ्याचा एकत्रित विचार न झाल्यास टंचाईचा भार कालव्याच्या शेवटच्या टोकावरील शेतकऱ्यावरच पडणार, हे उघड आहे.