गोळीचीही पारख करा



बोगस बियाणे आठ-दहा दिवसांत कळते. ते उगवतच नाही. बोगस गोळीचे तसे नाही. आपल्याच नागपूर जिल्ह्यातले पाहा. कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातील सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गोळ्या २०२३ साली तपासल्या, तेव्हा त्यांत औषधच नव्हते. सप्टेंबर २०२४ मध्ये नागपूर ग्रामीण पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे हरिद्वारला जनावरांच्या औषधांच्या प्रयोगशाळेत टाल्कम पावडर व स्टार्च मिसळून अशा गोळ्या बनत. रोगी गोळ्या नेमाने घेतो आणि रोग आत वाढत राहतो, हा खरा धोका.

म्हणून दवाखाना सोडू नका, सावध राहा. दुकानातून औषध घेताना, बियाण्याची घेता तशीच पक्की पावती घ्या आणि बॅच नंबर ताडून पाहा. सरकारी गोळीला पावती नसते, तिथे पाकीट हाच पुरावा. बरे वाटेपर्यंत ते फेकू नका. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, तर पाकिटासह डॉक्टरांकडे जा; मनाने गोळी बदलू नका. शंका आल्यास अन्न व औषध प्रशासनाला १८००२२२३६५ वर कळवा. तुमच्या एका फोनने शेजारच्या गावातले लेकरूही वाचेल.