रंग डब्यावरचा की विमानावरचा?

शाळेच्या वार्षिक प्रदर्शनीत यंदाही प्लास्टिकच्या किटमधून जोडलेली विमाने, रणगाडे आणि जहाजे मांडली होती. निकाल लागल्यावर काही पालकांनी आमच्याकडे नाराजी व्यक्त केली. डब्यावरच्या चित्रासारख्या चकचकीत विमानाला उत्तेजनार्थ बक्षीस आणि मळकट दिसणाऱ्या, पंखावर ब्रशच्या रेघा उमटलेल्या विमानाला पहिला क्रमांक, हा कुठला न्याय? विश्वस्त मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांनी तर या विभागावर खर्च करणेच थांबवावे असे सुचविले आहे. तयार वस्तूला रंग फासण्यात कसली आली विद्या, असे त्यांचे म्हणणे. प्रश्न मोकळेपणाने विचारला गेला आहे, तेव्हा उत्तरही मोकळेपणानेच द्यायला हवे.

आमचे मत असे की, किटचे सुटे भाग जोडणे हे तुलनेने सोपे काम आहे. भागांवर क्रमांक असतात, सूचनापत्रक असते, थोडा धीर आणि डिंक पुरतो. कोणता रंग लावायचा हे ठरविणे, विद्या असलीच तर ती तिथे आहे.

पहिला क्रमांक मिळालेले विमान म्हणजे १/७२ मापाचे ब्रिटिश स्पिटफायर. त्याच्या सूचनापत्रकात पोटाकडच्या बाजूला ‘स्काय’ रंग लावा असे लिहिले होते. स्काय म्हणजे आकाश, म्हणून प्रदर्शनीतल्या बाकीच्या दोन स्पिटफायरांची पोटे आकाशी निळी झाली. परंतु ब्रिटिश वायुदलाचा ‘स्काय’ निळा नाहीच. तो पांढुरका, फिकट हिरवट रंग आहे. पिस्ता बर्फीत दूध जरा जास्त पडले तर दिसेल तसा. सातवीतल्या ज्या विद्यार्थिनीने हे विमान केले तिने हे शोधून काढले आणि शिवाय विमानाशेजारी वहीचे एक पान ठेवून त्यावर लिहिले की आपले विमान १९४० सालचे आहे. ते साल तिने का लिहिले, हे परीक्षकांनी विचारले. तिला सांगता आले.

१९४० च्या उन्हाळ्यात लढलेल्या स्पिटफायरच्या पाठीवर मातकट तपकिरी आणि गडद हिरवा असे पट्टे होते. इंग्लंडच्या शेतांवर उभे असलेले किंवा त्यांवरून उडणारे विमान वरून दिसू नये, हा त्यामागचा हिशेब. पुढे लढाई इंग्लिश खाडीपलीकडे आणि अधिक उंचीवर गेली. खाली शेत नाही, समुद्र; मग तपकिरी रंग कशाला? ऑगस्ट १९४१ मध्ये तपकिरी काढून ‘ओशन ग्रे’ हा करडा रंग आला आणि पोटाला ‘मीडियम सी ग्रे’. आपल्याकडच्या ब्रह्मदेश आघाडीवर तर निराळीच अडचण होती. जपानी विमानांवर लाल गोळा असे आणि ब्रिटिश चक्राच्या मध्यभागीही लालच. गडबडीत आपलाच माणूस आपल्यावर गोळ्या झाडायचा. म्हणून त्या आघाडीवर लाल रंग पुसून चक्र निळ्याच दोन छटांत रंगविले गेले, आणि भारतीय स्क्वाड्रनच्या विमानांवरही तेच होते. म्हणजे ‘स्पिटफायरचा रंग कोणता’ या प्रश्नाला उत्तरच नाही. कोणाचे, कोणत्या साली, कोणत्या आकाशात, एवढे विचारल्यावरच उत्तर सुरू होते. इतिहासाच्या पाठात आम्ही जे वर्षभर शिकवायचा प्रयत्न करतो, ते या मुलीने एका बाटलीभर रंगासाठी केले.

नावावर विसंबू नये हे तर खरेच. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. ज्याला आम्ही सिलेटी म्हणायचो त्याला घरात आजी राखाडी म्हणे आणि मामा करडा, आणि तिघांच्या मनात तीन वेगळे रंग असत. म्हणूनच जगाने रंगांना क्रमांक दिले. जर्मनीत १९२७ साली ‘राल’ पद्धत निघाली ती अवघ्या ४० रंगांपासून. अमेरिकेच्या ‘फेडरल स्टँडर्ड ५९५’ मध्ये पाच अंक असत, आणि त्याच्या जागी आज जे मानक आहे त्यानेही तेच अंक ठेवले. ३६३७५ हा क्रमांक घ्या. पहिला ३ म्हणजे चमक नसलेला, मॅट. त्या जागी १ असता तर चकचकीत. दुसरा ६ म्हणजे करड्या रंगांचे कूळ. मॉडेलचे रंग करणाऱ्या कंपन्यांचे क्रमांक पुन्हा निराळे. हाच ‘स्काय’ हंब्रॉलच्या डबीवर ९० असतो आणि तामियाच्या बाटलीवर एक्सएफ-२१. एका कंपनीचा क्रमांक घेऊन दुसऱ्या कंपनीची बाटली मागितली तर दुकानदार काहीही हातात देईल.

क्रमांक सापडला म्हणजे झाले, असेही नाही. १/७२ चे विमान आपण एक फुटावरून पाहतो, तेव्हा ते खरे विमान ७२ फुटांवरून पाहिल्यासारखे असते. मधल्या हवेमुळे लांबची वस्तू फिकट दिसते. किल्ल्यावरून दूरची टेकडी पाहा. म्हणून खऱ्या विमानाचाच रंग जसाच्या तसा छोट्या विमानाला लावला तर ते काळवंडल्यासारखे वाटते. मॉडेल करणाऱ्यांत एक ठोकताळा सांगतात की, १/७२ ला सुमारे १५ टक्के, १/४८ ला १० आणि १/३२ ला ७ टक्के पांढरा मिसळावा. यावर त्यांच्यात भांडणेही होतात. आमच्या मते टक्के पाठ करू नयेत, डोळ्याला विचारावे. चमकेचेही तसेच. मॅट विमानावर चमक आली की ते खेळणे दिसते, आणि नाराज पालकांनी नेमकी हीच गोष्ट लक्षात घ्यावी अशी विनंती आहे.

जुन्या कृष्णधवल छायाचित्रांचा आधार जपून घ्यावा. त्या काळातल्या काही फिल्मवर लाल आणि पिवळा रंग जवळजवळ काळा उमटे आणि निळा पांढुरका. मोबाईलच्या पडद्यावरचा रंगही प्रत्येक मोबाईलवर वेगळा.

आता खर्चाविषयी. परदेशी रंगांच्या बाटल्यांचा पूर्ण संच घेण्याची काही गरज नाही. काळा, पांढरा, लाल, पिवळा, निळा आणि मातकट तपकिरी एवढे ॲक्रिलिक रंग बाड्यावरच्या कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतात आणि मिसळून पुष्कळ काही साधते. आधी प्लास्टिक साबणाच्या पाण्याने धुवावे, साच्याचे तेल राहिले तर रंग धरत नाही. मग प्रायमरचा पातळ हात. मिसळलेला रंग आधी विमानाला लावू नये. सुटे भाग ज्या चौकटीला चिकटून येतात ती चौकट फेकू नका, तिच्यावर लावा आणि वाळू द्या. ॲक्रिलिक वाळल्यावर बहुधा गडद होतो. मग तो तुकडा खिडकीशी, दिवसाच्या उजेडात पाहा. मानमंदिराच्या निळ्या फरशा दुपारी आणि दिवे लागणीला किती वेगळ्या दिसतात, हे ग्वाल्हेरच्या मुलांना आम्ही काय सांगावे! स्प्रेचा डबा आणि थिनर मात्र बंद खोलीत मुळीच नाही. गच्चीवर, तोंडाला मास्क लावून आणि घरातले मोठे माणूस शेजारी असताना.

शेजारी असावे, हातात ब्रश घेऊ नये. यंदा निदान तीन विमानांवर बाबांचा किंवा काकांचा हात स्पष्ट दिसत होता.

आमचा प्रस्ताव असा आहे. विश्वस्त मंडळाने हा विभाग बंद करू नये, उलट शाळेने सहा रंगांचा सामाईक साठा आणि प्रायमर एकदाच घेऊन ठेवावा, म्हणजे कोणाच्या खिशावर निकाल ठरणार नाही. गुणांपैकी निम्मे गुण, हा रंग का निवडला या उत्तराला असावेत. पुढच्या प्रदर्शनीचा विषय आम्ही मिराज २००० सुचवितो. १९८५ पासून ही विमाने आपल्या महाराजपुराच्या तळावर आहेत आणि आपली मुले ती लहानपणापासून डोक्यावरून जाताना पाहतात. किटच्या डब्यावर बहुधा फ्रान्सचे मिराज असते. त्याच्या चक्राच्या मध्यभागी निळा आणि बाहेर लाल. आपल्या चक्राच्या मध्यभागी हिरवा आणि बाहेर केशरी. इथपासून सुरुवात करावी. तळाच्या आसपास कॅमेरा किंवा मोबाईल काढू नये, तिथे छायाचित्रणास मनाई आहे. वायुदलाने स्वतः प्रसिद्ध केलेली छायाचित्रे पुरेशी आहेत. ज्यांना चौकटीवरचे रंगाचे तुकडे दाखवायचे असतील त्यांनी मधल्या सुट्टीत चित्रकला कक्षात यावे, तिथली खिडकी उत्तरेकडची आहे.